पुढे केलेला माणूस

“‘मुकादम म्हणजेच पर्यवेक्षक. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे असून भेद केवळ भाषेचा आहे. सबब, हाताखालील मजुराच्या मृत्यूची जबाबदारी पर्यवेक्षक या नात्याने अपचारी गुंडू ऐवळे याच्यावर येते.’”

निवृत्त न्यायाधीश इनामदारांनी आरोपपत्रातला हा मजकूर वाचून संपवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हुपरीकर बाई, यात आपल्याला नेमकं काय खटकतं?”

“‘सबब’ हा शब्द बरोबर वापरला आहे,” मी म्हणाले. “बाकी सगळं खटकतं.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. इनामदार हसले नाहीत. संघाचे व्यवस्थापक शहापुरे मात्र हसले, आणि त्या हसण्यात पुरेशी सहिष्णुता होती. समोरचा माणूस विद्वान आहे आणि म्हणून निरुपद्रवी आहे, अशी खात्री असलेली माणसं असं हसतात.

ही गोष्ट सांगलीच्या बाजारपेठेतली. त्या काळी मी कोल्हापुरात भाषाशास्त्र शिकवत होते. ज्या संघाच्या सभागृहात ही चौकशी भरली होती, तो शेतमाल साठवणारा संघ पुढे विसर्जित झाला, त्यामुळे त्याचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. त्या सभागृहात टेबलाच्या कडा, पंख्याची पाती, भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरी, सगळ्यांवर हळदीचा पिवळा थर होता. संघाची हळद नदीकाठच्या एका गावात, पेवांमध्ये साठवलेली असे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड इतकं अरुंद की एक माणूस कसाबसा आत शिरावा. खाली मात्र ते रांजणासारखं रुंदावत जातं. तोंडावर फरशी ठेवून माती लिंपली की हळद वर्षानुवर्षं टिकते. तिला कीड लागत नाही, कारण किडीला जगायला लागते ती हवाच आत उरत नाही. माणसालाही तीच हवा लागते. त्यामुळे पेव उघडलं की ते रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी त्यात पेटता कंदील सोडून पाहायचा, हा तिथला नियम.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एक पेव असंच उघडलं गेलं. सकाळी कंदील सोडला, तो नीट जळत राहिला. मग शिवा नावाचा मजूर कमरेला दोर न बांधता आत उतरला, पोतं भरायला ढिगाच्या कडेला वाकला आणि पुन्हा उठला नाही. टोळीचा मुकादम गुंडू ऐवळे त्या वेळी पेवाच्या तोंडाशी उभा होता. आरोप एवढाच होता, की देखरेख करणाऱ्या माणसानं देखरेख केली नाही. आरोप सिद्ध झाला तर कागद पोलिसांकडे जाणार होते, आणि ऐवळेला तुरुंग चुकणार नव्हता.

मला तिथे आणलं होतं ऐवळेचे वकील हसन मुजावर यांनी. आदल्या आठवड्यात ते कोल्हापूरला माझ्या घरी आले, चहा घेतला, कपाटातल्या कोशांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “बाई, मला कायद्यात वाट सापडत नाही. तुम्ही मला एक शब्द सोडवून द्या.”

“कोणता?”

“मुकादम. दिवाळीनंतर संघानं फतवा काढला. मुकादम हा परका शब्द, अप्रतिष्ठेचा, तो आजपासून रद्द. आता पर्यवेक्षक म्हणायचं. आमच्या गुंडूनानाला बिल्ला दिला, गळ्यात अडकवायला शिट्टी दिली. पगार तोच. आणि आता माणूस मेल्यावर म्हणतात, तू पर्यवेक्षक, मग तूच जबाबदार.”

“फतवा हाही परकाच शब्द आहे, वकीलसाहेब.”

“मीही त्यांना परकाच वाटतो,” मुजावर म्हणाले. “तुम्ही येणार का, तेवढं सांगा.”

मी येईन म्हटलं. पण पेव पाहिल्याशिवाय साक्ष देणार नाही, अशी अट घातली. म्हणून माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघं नदीकाठी गेलो. ऐवळे पन्नाशीचा, हाडापेरानं मोठा, बोलायला सावकाश असा माणूस होता. त्याच्या तळहाताच्या रेषा पिवळ्या होत्या. आंघोळीनं जाणारा तो रंग नव्हता. ज्या पेवात शिवा गेला त्याच्यावर फरशी टाकून सील केलं होतं. ऐवळे त्याच्याकडे पाठ करून शेजारच्या उघड्या, रिकाम्या पेवाशी उभा राहिला.

“कंदील जळत होता ना?” मी विचारलं.

“जळत हुता की. पर कंदील जळतोय ढिगावर. ढिगाच्या कडंला खोलगट असतंय, वाईट हवा तितं बसून राहती. कंदील तितवर पोचत न्हाई.”

“मग कळतं कसं?”

“आधी मी जातो. कमरंला दोर बांधून. पैलं उभं राहायचं, मग बसायचं, मग कडंला वाकायचं. आन समदा येळ बोलत राहायचं. बोल थांबला की वरच्यांनी दोर वडायचा.”

“काय बोलता?”

ऐवळेनं मुजावरांकडे पाहिलं. “ते बाईंम्होरं सांगण्यासारखं न्हाई.”

“सांग, सांग. बाईंनी सगळ्या शिव्या कोशात वाचल्यात,” मुजावर म्हणाले.

“बायकूच्या माहेराला नावं ठिवतो,” ऐवळे म्हणाला. “वर माणसं हसली पायजेत. हसणारा माणूस कान दिऊन ऐकतो.”

“नेहमी तुम्हीच आधी का?”

या प्रश्नाचं त्याला खरोखर नवल वाटलं. “मुकादम न्हवं का मी? माझ्याआधी माझा बा जायचा.”

“आणि त्या दिवशी?”

तो रिकाम्या पेवात पाहत राहिला. “त्या दिवशी न्हाई. नवा हुकूम हुता, त्येच्यानंतरचं त्ये पैलंच पेव. पर्यवेक्षकानं पेवात उतरायचं न्हाई, वरनं बघायचं.”

मुजावरांनी माझा हात हलकेच दाबला. आम्हांला हवं होतं ते मिळालं होतं. परतीच्या वाटेवर ते भराभर बोलत होते, ऐवळे मागून चालत होता.

तर ती साक्ष. इनामदार ऐकत होते, लेखनिक लिहीत होता.

“मुकादम हा शब्द अरबी आहे,” मी सुरुवात केली. “त्याच मुळातून आलेला ‘कदम’ आपण बोलताना वापरतो, कदम म्हणजे पाऊल. मुकादम म्हणजे पुढे केलेला, इतरांच्या आधी ठेवलेला. आदिलशाहीच्या कागदांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेलं आढळतं, कारण गावाच्या वतीनं त्याला सरकारपुढे उभं केलं जाई. दुष्काळात सारा थकला तर आधी त्यालाच चावडीवर नेत. सैन्याच्या आघाडीच्या तुकडीला याच कुळातला शब्द आहे. सगळीकडे अर्थ एकच. धोका समोर असेल तर त्याच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये जो उभा असतो, तो मुकादम. आणखी एक गोष्ट नोंदवून घ्यावी. तो आपणहून पुढे झालेला नसतो. त्याला कुणीतरी पुढे केलेलं असतं.”

“आणि पर्यवेक्षक?” इनामदारांनी विचारलं.

“परि म्हणजे सभोवार, अव म्हणजे खाली, ईक्ष् म्हणजे पाहणं. सभोवार नजर टाकत खाली पाहणारा. या माणसाला पाय असण्याची गरज नाही. आरोपपत्र म्हणतं, भेद केवळ भाषेचा आहे. एक माणूस खड्ड्यात आहे आणि दुसरा काठावर. हा भेद भाषेचा असेल, तर जिवंत आणि मेलेला यांतला भेदही भाषेचाच म्हणावा लागेल.”

शहापुरे उलटतपासणीसाठी स्वतः उठले. संघाचे वकील होते, पण भाषेचा प्रश्न त्यांनी वकिलावर सोपवला नाही. दरसाल संघाच्या वार्षिक अंकात ते शुद्ध मराठीवर लेख लिहीत, हे मला मुजावरांनी सांगून ठेवलं होतं. माणूस नीटनेटका होता, मृदू बोलायचा. तो कपटी असता तर माझं काम सोपं झालं असतं.

“बाई, शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो, हे आपल्याला मान्य असेलच.”

“आहे.”

“आजचा कोणताही कोश उघडला तर मुकादम म्हणजे मजुरांवर देखरेख करणारा, असाच अर्थ मिळतो.”

“मिळतो. पण मजूर कोशात कामाला जात नाहीत. शब्दाचा अर्थ बघायचा तर तो ज्यांच्या तोंडी आहे ती माणसं त्या शब्दानं काय करतात, ते बघावं लागतं. या पेवांवर मुकादम आधी उतरतो. कालपर्यंत उतरत होता.”

“आपण स्वतः कधी पेवात उतरला आहात?”

“नाही. आपण?”

“माझं ते काम नव्हे.”

“खरं आहे. आपणही पर्यवेक्षकच.”

या वेळी हसणारे बरेच होते. शहापुऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इनामदारांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

“माझा एक प्रश्न आहे,” मी म्हणाले.

“साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात, बाई.”

“मग तो आपण विचारावा. पर्यवेक्षकानं उतरायचं नाही, असा आदेश निघाला. तोवर आधी मुकादम उतरत असे. मुकादम बाद झाल्यावर आधी कुणी उतरायचं, हे त्या आदेशात कुठे आहे?”

इनामदारांनी आदेशाचा कागद मागवला, दोनदा वाचला आणि शहापुऱ्यांकडे पाहिलं.

“साहेब, त्या आदेशामागचा हेतू चांगला होता,” शहापुरे म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच किंचित वर गेला. “दर वेळी एकाच माणसानं जीव धोक्यात घालायचा, ही रानटी प्रथा होती. ती मी बंद केली. त्या माणसाला प्रतिष्ठा दिली. तो वर, मोकळ्या हवेत उभा राहील अशी व्यवस्था केली.”

“ते ठीक आहे. पण त्याच्या जागी आत कोण जाणार होतं?” इनामदारांनी विचारलं.

“त्याच्या जागी असं... कंदील होता.”

“कंदील,” इनामदार म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं काहीतरी टिपून घेतलं.

मुजावरांनी खाली मान घातली होती, पण त्यांचा पाय टेबलाखाली आनंदानं हलत होता. मीही समाधानात होते, हे नाकारत नाही. एका चांगल्या हेतूच्या माणसानं संस्कृत उपसर्गांच्या जोरावर एक जागा रिकामी केली, आणि ती रिकामी आहे हे त्याच्या लक्षात येण्यासाठी शिवाला मरावं लागलं. हे आता कागदावर आलं होतं. इनामदारांनी चहासाठी सुट्टी दिली.

व्हरांड्यात पोत्यांच्या थप्पीला टेकून एक बाई बसली होती. मी जवळून जाताना ती उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“तुमी शिकिवणाऱ्या बाई न्हवं?”

“हो. आपण?”

“मी यल्लूबाई. शिवाची.”

मला तिचं नाव माहीत होतं, पण ती रोज येऊन इथे बसते हे माहीत नव्हतं. सभागृहात तिला जागा कुणी दिली नव्हती, तिनं मागितलीही नव्हती. ती दारातूनच ऐकत असे.

“तुमी बोलला त्ये मला समदं कळलं न्हाई,” ती म्हणाली. “पर तुमी त्या सायबाची जिरवली, त्ये कळलं. बरं झालं.”

मी पुढे जायला निघाले.

“येक इचारू का? रागवू नगासा. आमच्या मालकांनी दोर कसा काय बांधला न्हाई? लई भित्रं हुतं त्ये. घरात बी अंधारात जायचं झालं तर मला म्होरं घालायचं.” ती क्षणभर हसली, मग तिचं हसू गेलं. “बिनदोरीचं उतरलं कसं? इतकी माणसं इतकी बोलत्यात, त्येवढं कुणीच सांगत न्हाई बगा.”

मी म्हणाले, “ते मला माहीत नाही.” माझ्याजवळ असलेलं हे एकमेव खरं उत्तर होतं. आदिलशाहीतला मोकदम इथे उपयोगी पडणार नव्हता.

मग मला दिसलं की ऐवळे आमच्यापासून चार पावलांवर, हातात चहाची बशी घेऊन उभा आहे. यल्लूबाईनंही त्याला पाहिलं.

“नाना, चा निवला तुमचा,” ती म्हणाली.

त्यानं बशी तशीच कठड्यावर ठेवली आणि आत निघून गेला.

सुट्टीनंतर फार काम उरलं नव्हतं. इनामदारांनी माझी साक्ष पूर्ण झाल्याचं सांगितलं. संघाच्या वकिलांनी चार वाक्यं बोलून दाखवली; त्यांत उत्साह नव्हता. मुजावर उठले आणि त्यांनी मुद्दा नेटका मांडला. संघानं जुनी पद्धत मोडली, नवी घालून दिली नाही, त्यामुळे दोष संघाचा. गुंडू ऐवळे हा हुकुमाचा ताबेदार मजूर होता आणि त्यानं हुकूम पाळला. इनामदार मान हलवत होते. शहापुरे आपल्या नखांकडे पाहत होते. निकाल कोणत्या बाजूला झुकला आहे, हे दारातल्या शिपायालाही दिसत होतं.

“अपचाऱ्याला काही सांगायचं आहे का?” इनामदारांनी विचारलं. हा प्रश्न रिवाज म्हणून विचारायचा असतो.

“नाही, साहेब,” मुजावर म्हणाले.

“हाय,” ऐवळे म्हणाला.

मुजावर वळले. “नाना, खाली बस.”

“बोलू द्या, वकीलसायेब.”

“अरे, सुटलायस तू. तोंड उघडू नकोस. साहेब, माझ्या अशिलाची प्रकृती बरी नाही, थोडा वेळ मिळावा.”

“माजी प्रकृती बरी हाय,” ऐवळे म्हणाला.

इनामदारांनी चष्मा घातला. “ऐवळे, तुमच्या वकिलांचं ऐकलंत तर तुमच्या हिताचं आहे. तुम्ही बोलाल ते जसंच्या तसं लिहिलं जाईल.”

“तसंच लिवा. आन तिला आत बोलवा. शिवाच्या मालकिणीला.”

शिपायानं यल्लूबाईला आत आणलं. ती दाराला टेकून उभी राहिली. मुजावरांनी शेवटचा प्रयत्न केला, ते ऐवळेच्या अगदी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, “तुझ्या घरच्यांचा विचार कर. बाई एवढ्या लांबून आल्या त्या कशासाठी?” ऐवळेनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कृतज्ञता होती आणि मला ती सहन झाली नाही.

मग तो बोलला. सावकाश बोलत होता, त्यामुळे लेखनिकाला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. तो बोलत असताना शहापुऱ्यांनी मान वर केली. मुजावर खुर्चीत बसले आणि त्यांनी आपली फाइल बंद केली. यल्लूबाई रडली नाही. ऐवळेचं बोलणं संपल्यावर ती एकदाच मोठ्यानं “हां” म्हणाली आणि कुणाकडे न पाहता व्हरांड्यातून खाली उतरून गेली.

पुढचं थोडक्यात सांगते. कागद पोलिसांकडे गेले. ऐवळेनं न्यायालयातही तेच सांगितलं, त्याला शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. परतल्यावर तो पेवांवर गेला नाही. शहापुरे पुढे जिल्ह्याच्या मोठ्या संस्थेवर गेले. तिथेही त्यांनी पदनामांच्या शुद्धीकरणाचं काम केलं, असं त्यांच्या सत्काराच्या बातमीत वाचलं. मुजावर मला दर ईदला शीरखुर्मा पाठवत राहिले. या खटल्याचा विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही.

संघानं चौकशीचा अहवाल छापून सभासदांना वाटला. त्यात माझ्या साक्षीला ‘भाषाविषयक उद्बोधक विवेचन’ म्हटलं होतं. पर्यवेक्षकानं न उतरण्याच्या आदेशाचा उल्लेख नव्हता. ऐवळेचा जबाब एका वाक्यात दिला होता: ‘मयताची समजूत चुकीची आहे हे ठाऊक असूनही आपण त्यास सावध केले नाही, असे अपचाऱ्याने स्वेच्छेने मान्य केले.’ या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. इतकं सत्य वाक्य रचून त्यातून माणूस काढून टाकण्याचं कसब मी जुन्या दरबारी कागदांत पुष्कळ पाहिलं आहे, पण इतकं सफाईदार क्वचितच.

त्या दिवशी लेखनिकानं लिहून घेतलेल्या जबाबाची नक्कल मुजावरांनी मला दिली होती. व्युत्पत्ती शिकवताना मी विद्यार्थ्यांना ती वाचून दाखवत असे. आता शिकवत नाही, म्हणून ती इथे जशी आहे तशी देते.

“दोर मी गुंडाळून पेवाच्या तोंडाशी ठिवला हुता. मला उतरायचं न्हवतं, म्हणून ठिवला. दुसरा इचार मनात न्हवता. पर आमच्यात मुकादम जाऊन वर आला की कमरंचा दोर सोडून, गुंडाळून तोंडाशी ठिवतो. त्यो तसा दिसला की माणसं समजत्यात, पेव चांगलं हाय, आता बिनदोरीचं उतरायचं. कुणी कुणाला इचारत न्हाई. शिवा आला. त्येनं दोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन म्हणाला, नाना, आज लवकर आटपलं. मला कळलं त्येला काय वाटलं त्ये. मी न्हाई म्हणायला पायजे हुतं. पर माझा बा आधी जायाचा, मी आधी जायाचो, आन आता मी उतरलोच न्हाई, ह्ये माझ्या तोंडातनं निघंना. लाज वाटली. कंदील जळतोय, काय हुत न्हाई, असं मनाला सांगितलं. हुकूम सायबाचा हुता, पर गप मी बसलो. यल्लूबाई, तुज्या मालकाला बिनदोरीचा मी उतरिवला. बाई म्हणाल्या त्ये खरं हाय, मुकादम म्होरं असतो. त्या दिवशी मी मुकादम न्हवतो. मी पर्यवेक्षक हुतो. त्यो वाकला, त्ये मी वरनं बघितलं.”